उभी गाडी ऑइल खात नाही

"इथं सही कर, ढोमसे," वडनेरे साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

कागदावर टाइप केलं होतं: टँकर क्रमांक सातचे चालक किसन मत्सागर हे गेला महिनाभर गाडीतील इंजिन ऑइल काढून परस्पर विकत असून, मी, उज्ज्वला ढोमसे, हंगामी मेकॅनिक, हिने ते समक्ष पाहिले आहे.

"साहेब, मी असं काही पाहिलेलं नाही."

"सही कर. मग पाहिल्यासारखंच आहे."

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. आमच्या तालुक्याच्या दूध संघाचं नाव मी सांगत नाही, कारण तेव्हाच्या अध्यक्षांचे चिरंजीव हल्ली वकील झालेत आणि त्यांच्याकडे काम कमी आहे. तालुका मात्र निफाड. डिसेंबरात इथं अशी थंडी पडते की लोक द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवतात आणि स्वतः लांब उभं राहून कुडकुडतात. शेकोटी द्राक्षांसाठी असते.

त्या सोमवारी ऑफिसात सगळ्यांच्या तोंडातून वाफ येत होती. साहेबांच्या मात्र अंगातून येत होती. ते रोज असेच यायचे, नुकत्याच उतरवलेल्या इडलीसारखे. केस ओले, चंदनाच्या साबणाचा वास, गाल लालबुंद. आम्ही बाकीचे नाक पुसत उभे.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलेलं. वर्गात चाळीस मुलगे आणि मी. संघात लागून सहा महिने झाले होते आणि मार्चमध्ये मला कायम करायचं की नाही, हे संघाचे व्यवस्थापक वडनेरे साहेब यांच्या हातात होतं. संघात माणसं दोन प्रकारची, कायम आणि हंगामी. म्हशीसुद्धा हंगामीच असतात, पण त्यांच्याकडे कुणी सही मागत नाही.

"ढोमसे, हिशोब साधा आहे," साहेब म्हणाले. "या इंजिनाला हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल लागतं. लागतं की नाही?"

"लागतं."

"सात नंबर आठवड्याला हजार किलोमीटर चालते. आणि आठवड्याला चार लिटर ऑइल पिते. नोव्हेंबरपासून. मग साडेतीन लिटर जातं कुठं?"

"तेच शोधायला पाहिजे."

"शोधलं की. किसन मत्सागर."

किसन मत्सागर म्हणजे नाना. वय त्रेपन्न, एकवीस वर्षं टँकरवर. गाडीतून उतरले की दार असं हळू लावायचे, जणू आत कुणी तान्हं झोपलंय. त्यांना आधीच एक नोटीस गेली होती आणि त्यांनी तिला लेखी उत्तर दिलं होतं: "मी ऑइल चोरले असते तर माझ्या घराच्या दाराची बिजागरी करकरली नसती. खात्री करावी."

साहेबांनी खात्री केली. वॉचमन भागाजीला नानांच्या घरी पाठवलं. त्याचा अहवाल फाइलला लागला: "दार तीन वेळा उघडून व लावून पाहिले. करकरते." त्याखाली साहेबांचा शेरा: "हेतुपुरस्सर करकरत ठेवले असण्याची शक्यता."

म्हणजे माझी सही झाली की नाना घरी बसणार. नुसते घरी नाही. आमच्याकडे दुधात पाणी घालणाऱ्याला लोक दोन महिन्यांत विसरतात. पण संघाच्या नोटीसबोर्डावर 'चोर' म्हणून नाव लागलं की ते नातवाच्या सोयरिकीपर्यंत पुरतं.

"साहेब, मला तीन दिवस द्या," मी म्हणाले.

"कशाला?"

"आपण दुधाच्या टाकीला सील मारतो, तसं इंजिनाला मारू."

हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम होतं. गावोगावचं दूध टँकरमध्ये भरलं की टाकीच्या झाकणाला तार ओवायची, तारेला शिशाची गोळी, आणि गोळी पक्कडीनं दाबायची. पक्कडीचा ठसा उमटतो. वाटेत कुणी झाकण उघडलं की तार तुटलेली दिसते. ती पक्कड साहेबांच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या जानव्याला.

"ऑइल खुणेपर्यंत भरू," मी म्हणाले. "भरायचं झाकण, मोजायची काडी आणि खालचा बोल्ट, तिन्हीला सील. तुमच्याच हातानं. गुरुवारी समितीसमोर तोडू. ऑइल जेवढ्यास तेवढं राहिलं, तर आजवर ते चोरीलाच जात होतं. मी लगेच सही करते."

"आणि कमी झालं तर?"

"तर चोर असा कुणीतरी आहे ज्याला सील तोडावं लागत नाही."

साहेब हसले. त्यांना हे फारच आवडलं. कुणाला पकडायचं हे आधी ठरलेलं असलं की पुरावा गोळा करायला माणसाला हुरूप येतो.

संध्याकाळी सील मारायला आम्ही सात नंबरजवळ गेलो. ती आवारातल्या उतारावर उभी असायची. थंडीत स्टार्टर हटून बसला तर दहा जणांनी ढकलायची, म्हणून ती जागा. उताराला लागूनच साहेबांचं क्वार्टर होतं. गाडीचं तोंड उताराकडे, इंजिनाची बाजू त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीला लागून आणि सायलेन्सर त्यांच्या मागच्या अंगणाकडे. अंगणात तुळस होती, आणि तुळशीपुढे त्या दिवशी सात-आठ बायका ओळीनं उभ्या होत्या.

कारण तुळस बदलली होती.

वडनेरे काकूंनी ती साधी हिरवी राम तुळस म्हणून लावलेली. नोव्हेंबरात तिची पानं हळूहळू काळी पडत गेली आणि डिसेंबर लागता लागता ती पार कृष्ण तुळस झाली. काकू म्हणाल्या, हा साक्षात्कार आहे. पहाटे तिच्याभोवती निळसर वलयही दिसतं म्हणाल्या. त्या रोज अकरा प्रदक्षिणा घालत होत्या. गावातल्या बायका नारळ घेऊन यायला लागल्या होत्या. अध्यक्षांच्या आई दोनदा येऊन गेल्या होत्या.

"उज्ज्वला, तूपण घाल गं प्रदक्षिणा," काकू मला म्हणाल्या. "कायम होशील."

"आधी सील मारते काकू."

साहेबांनी जीभ बाहेर काढून, लक्ष देऊन तिन्ही सीलं मारली. नाना बाजूला हाताची घडी घालून उभे होते.

"साहेब," ते म्हणाले, "एक सील माझ्यापण खिशाला मारा. आत काही गेलं-आलं तर समजंल."

"मत्सागर, गुरुवारी बघू तुझी जीभ कुठं असते ते."

"तोंडातच असंल साहेब. ती काय ऑइल नाही."

मंगळवारी काही घडलं नाही. मी नेहमीसारखी आठला आले, क्वार्टरच्या भिंतीबाहेरच्या नळावर हात धुतले आणि दिवसभर एका टँकरचा क्लच उतरवला. त्या नळाला सकाळी गरम पाणी यायचं. दूध संघातली ती एकच गोष्ट वेळेवर आणि भरपूर मिळायची. गाड्या धुणारे, ड्रायव्हर, भागाजी, सगळे तिथंच आंघोळ करायचे. पाणी गरम कसं, हे मी कधी विचारलं नाही. गरम पाणी आणि फुकटचं जेवण, दोन्हीची चौकशी करू नये असं माझे वडील सांगायचे.

संध्याकाळी नाना फेरी करून आले. मी विचारलं, "नाना, गाडी धूर कधी मारते?"

"सकाळी. फाटकातून निघाली की पहिले दोन-तीन किलोमीटर निळा धूर, पार मागचं दिसत नाही. ओढा ओलांडला की साफ. मग दिवसभर बघ, पोरी, अगरबत्ती जास्त धूर करील."

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण फक्त सकाळीच का? थंड इंजिन चालू करताना काय होतं ते बघायला हवं होतं. म्हणून बुधवारी मी पहाटे पाचलाच सायकल काढली. हातमोजे नव्हते, हातात वडलांचे पायमोजे घातले. वाटेतल्या बागांतून शेकोट्या पेटलेल्या. द्राक्षं मजेत होती.

फाटकातून आत आले तर सात नंबर आधीच चालू होती.

आत ड्रायव्हर नाही. गाडी आपली एकटीच धुक्यात उभी राहून डुगडुगतेय, आणि तुळशीभोवती खरोखरच निळसर वलय.

"कोण ए तिकडं?" भागाजी घोंगडीतून ओरडला. "अरे, उज्ज्वलाताई? एवढ्या पहाटे?"

"गाडी कुणी चालू केली?"

"मीच. चारला."

"कशाला?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोंबडं कशाला आरवतं असं विचारलं. "आंघोळीला."

त्यानं टॉर्च मारला. इंजिनातून दोन रबरी नळ्या निघाल्या होत्या आणि न्हाणीघराच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून आत गेल्या होत्या. आत, भागाजीनं सांगितलं, एक मोठा ड्रम आहे. ड्रममध्ये तांब्याच्या नळीची वेटोळी. इंजिन तापवलं की त्यातलं गरम पाणी वेटोळ्यांतून फिरतं आणि ड्रममधलं पाणी तापतं. माझ्या आधीच्या मेकॅनिकनं गेल्या उन्हाळ्यात साहेबांच्या सांगण्यावरून बसवून दिलं होतं आणि तो लगेच कायम झाला होता. बाहेरचा नळ त्याच ड्रमचा. थंडी पडल्यापासून रोज हेच: चारला गाडी चालू करायची, सहाच्या आत नळ्या काढायच्या, कॉक बंद करायचे, गाडी नानांच्या ताब्यात.

"आम्ही हिला बंबच म्हणतो," भागाजी कौतुकानं म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही? रोज तर हात धुता."

मी पायमोजे घातलेले माझे हात बघितले.

सहाला नाना आले. मी त्यांना बाजूला घेतलं.

"नाना, ही दोन तास उभ्या उभ्या चालते, हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं? थंडीची गाडी गरम मिळते, बरंच की. मीपण एक बादली घेतो. डिझेलचं म्हणशील तर थंडीत गाडी तापवायला जादा डिझेल मंजूरच असतंय."

"आणि ऑइल?"

"उभी गाडी ऑइल खात नाही, पोरी. उभ्या बैलाला काय भूक?"

हे सगळे मानत होते. ड्रायव्हर, साहेब, माझ्या आधीचा मेकॅनिक. वहीत किलोमीटर लिहायचे. उभी गाडी कुठंच जात नाही, म्हणून वहीत ती दोन तास जगातच नसायची.

"नाना, पिस्टनची रिंग म्हणजे त्याचा करगोटा समजा. गाडी ओझं ओढायला लागली की तो आवळतो. नुसती मंद चालत ठेवली, त्यात ही अशी थंडी, की तो सैलच राहतो. खालचं ऑइल वर चढतं, अर्धं जळतं, अर्धं कच्चंच सायलेन्सरमध्ये साठतं. तुम्ही निघालात की पहिल्या तीन किलोमीटरमध्ये ते धुरातून बाहेर. रोज दोन तास. महिनाभर."

नानांनी वाकून सायलेन्सरकडे बघितलं. मग डोकं खाजवत म्हणाले, "म्हणजे साहेब रोज ऑइलनं आंघोळ करतात."

"आपणपण."

"आता?"

"आता उद्या समितीसमोर सांगायचं."

"सांगितलं तर नळ बंद होईल. अकरा माणसं आंघोळ करतात गं तिथं. थंडी बघ."

"आणि बारावा चोर ठरतो."

"बारावा नाही. अकरातलाच मी," नाना म्हणाले आणि नळाकडे गेले. बादली भरली, कपडे काढले आणि भडाभडा डोक्यावरून आंघोळ केली. टॉवेल गुंडाळून परत आले तेव्हा साहेबांसारखीच वाफ येत होती.

"शेवटची," ते म्हणाले. "आता सांग कुणाला सांगायचं ते."

गुरुवारी दहाला समिती बसली. बसली म्हणजे गाडीजवळ उभी राहिली. समिती तिघांची. अध्यक्ष दादासाहेब. वडनेरे साहेब, जे फिर्यादीही होते आणि न्यायाधीशही. आणि एक वयस्क संचालक, ज्यांना हिवाळ्यात ऐकू यायचं नाही, कारण ते नोव्हेंबरात मफलर बांधायचे आणि फेब्रुवारीत सोडायचे. पलीकडे गाड्या धुणारे आणि ड्रायव्हर बघायला जमले होते. दादासाहेबांनी आधी तुळशीला नमस्कार केला, आईनं दिलेला नारळ काकूंच्या हाती ठेवला आणि मग चौकशी सुरू केली.

साहेबांनी सीलं तपासली. भिंग लावून. तिन्ही शाबूत, तिन्हीवर त्यांच्याच पक्कडीचा ठसा. नाना नुकतेच फेरीवरून आले होते, म्हणून मी म्हणाले, "पंधरा मिनिटं थांबू या. ऑइल खाली उतरू दे." समिती पंधरा मिनिटं थंडीत पाय आपटत उभी राहिली. मग मी काडी पुसली, आत घातली, बाहेर काढली.

ऑइल दोन लिटरनं कमी होतं.

साहेबांनी काडी स्वतः घातली, पुन्हा बघितली, उलटी धरून बघितली.

"सील तोडलंय," ते म्हणाले.

"तुमचंच आहे साहेब. किल्ली तुमच्या जानव्याला आहे."

"मग... मग तू काहीतरी केलंस, ढोमसे! यांचं दोघांचं संगनमत आहे दादासाहेब. मेकॅनिक आतून सामील!"

"चोर माहीत आहे मला," मी म्हणाले. "साक्षीदारही आहे. काकू, तुळशीचं एक पान घेऊ?"

काकूंनी हात जोडले आणि मान हलवली. मी तुळशीला नमस्कार केला. खरंच केला; तिची चूक काहीच नव्हती. एक काळंकुट्ट पान खुडलं आणि दादासाहेबांकडे हात पुढे केला. "दादासाहेब, तुमचा रुमाल."

दादासाहेबांचा रुमाल पांढराशुभ्र होता, इस्त्रीचा. मी त्यात पान ठेवलं, दाबलं आणि पुसलं.

रुमालावर काळा, तेलकट डाग पडला. पान हिरवंगार निघालं.

"वास घ्या," मी म्हणाले.

दादासाहेबांनी घेतला. रुमाल मफलरवाल्या संचालकांकडे गेला. ते पहिल्यांदाच बोलले, "ऑइल."

काकू पुढे आल्या. त्यांनी रुमाल हुंगला. मग तुळशीकडे बघितलं, तुळशीसमोरच्या सायलेन्सरकडे बघितलं, सायलेन्सरवरून इंजिनाकडे, इंजिनावरून न्हाणीघराच्या भिंतीतल्या भोकाकडे, आणि तिथून नवऱ्याकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी महिनाभर सायलेन्सरला प्रदक्षिणा घालतेय?"

"तू आत जा."

"धूर पलीकडे जातो म्हणाला होतात ना तुम्ही?"

"आत जा म्हटलं ना!"

"पलीकडे म्हणजे कुठं? देवावर?" काकू काही आत गेल्या नाहीत. तिथंच पायरीवर बसल्या, नारळ मांडीवर घेऊन.

मग मी सगळं सांगितलं. नळ्या, ड्रम, करगोटा, पहाटेचे दोन तास. साहेब मध्येच म्हणाले की थंडीत इंजिन तापवणं नियमातच आहे.

"किती वेळ तापवतात?" दादासाहेबांनी भागाजीला विचारलं.

भागाजीनं ताठ उभं राहून सांगितलं, "साहेबांची आंघोळ होईस्तोवर. सोमवारी आणि एकादशीला जादा. डोक्यावरून असते."

दादासाहेबांनी रुमालाची घडी घातली, मग तो डाग बघून परत उलगडला. राजकारणातला माणूस. त्यांना सत्य कळलं होतं आणि आता ते कुठं ठेवायचं हा प्रश्न होता. ते साहेबांना घेऊन ऑफिसात गेले. अर्ध्या तासानं मला बोलावलं. नानांनाही.

टेबलावर नवीन कागद होता. टाइप केलेला. "अति थंडीमुळे ऑइलचे प्रमाण कमी झाल्याचे निष्पन्न. चोरीचा आरोप मागे. चालकास यापुढे दक्षता घेण्याची समज देण्यात येत आहे." खाली माझं नाव, सहीसाठी जागा.

"झालं ना?" दादासाहेब प्रेमानं म्हणाले. "मत्सागर सुटला. सगळे सुखी. पोरी, तुझं मार्चचं मी स्वतः बघतो."

"समज कुणाला?" मी विचारलं.

"अगं, ते आपलं लिहायचं असतं. चौकशी केली तर कुणाला तरी समज द्यावीच लागते. फाइल बंद होत नाही त्याशिवाय."

"नानांनी काय दक्षता घ्यायची? साहेबांच्या आंघोळीची?"

"ढोमसे!" साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "फार झालं. सही कर आणि कामाला लाग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी नानांकडे बघितलं. ते म्हणाले, "माझ्याकडं नको बघू. तुझा हात आहे."

मला कायम व्हायचं होतं, अगदी फार. घरी वडलांनी गोठ्याला पत्रा घालायचं माझ्या पगारावर ठरवून टाकलं होतं. पण त्या कागदावर एकवीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला समज दिली होती, आणि समज देणारा समोर बसून चंदनाचा वास सोडत होता. आणि मला सारखं वाटत होतं की या कागदावर सही केली तर माझे हात कुठल्याच नळावर धुतले जाणार नाहीत.

मी पेन घेतला. 'अति थंडीमुळे' यावर काट मारली. 'चालकास समज' यावर काट मारली. वर जागा होती तिथं ठळक अक्षरात लिहिलं:

"ऑइल कमी होण्याचे कारण: व्यवस्थापकांची आंघोळ. पहाटे चार ते सहा. सोमवार व एकादशी जादा."

आणि खाली सही केली. पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट.

"हे काय केलंस तू?" साहेब उभे राहिले.

"सही. सोमवारपासून मागत होतात."

दादासाहेबांनी कागद वाचला. त्यांच्या मिशा थोड्या हलल्या. मला अजून नक्की सांगता येत नाही, पण तो माणूस हसू दाबत होता. कागद त्यांनी फाडला नाही. खिशात ठेवला. नंतर कळलं, वडनेरे साहेबांना जेव्हा जेव्हा पगारवाढ हवी असायची तेव्हा दादासाहेब तो खिशातून काढून चष्मा शोधायला लागायचे.

नानांचं नाव बोर्डावर लागलं नाही. मला मार्चमध्ये कायम केलं नाही. पण ते मार्चचं.

शुक्रवारी मी पहाटेच गेले. भागाजीनं गाडी चालू केली नव्हती. दादासाहेबांचा तसा निरोप होता. रबरी नळ्या गुंडाळून भिंतीशी ठेवल्या होत्या. काकूंनी तुळशीची पानं एकेक करून कोमट पाण्यानं पुसली होती आणि, भागाजी कुजबुजला, त्याच्यानंतर गॅस बंद करून त्या म्हणाल्या होत्या की आज घरात दुसऱ्या कुणासाठी पाणी तापणार नाही.

सहाला नाना आले. स्टार्टर मारला. इंजिन गार. नुसतं कण्हलं आणि गप्प. मग तो उतार ज्यासाठी होता त्यासाठी वापरला गेला. गाड्या धुणारे, ड्रायव्हर, भागाजी आणि मी, सगळे मागून भिडलो. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. त्यांची आंघोळ मी घालवली होती. ते पुढं फेब्रुवारीपर्यंत बोलले नाहीत. पण गाडी ढकलायला सगळे आले, आणि "हैय्या" म्हणताना माझ्याही बाजूला खांदा लावला.

गाडी उतारावरून घरंगळली, नानांनी गिअर टाकला, एक हिसका, आणि सात नंबरनं पांढऱ्या धुराचा एक ढग सोडून आवाज धरला.

त्याच वेळी न्हाणीघरातून एक किंकाळी आली. मोठी, लांब, चढत गेलेली. झाडावरचे कावळे उडाले.

नानांनी खिडकीतून बाहेर डोकावून मनगटावरचं घड्याळ बघितलं. "सहा-दहा," ते म्हणाले. "वेळेवर आहे." आणि दूध आणायला निघून गेले. फाटकापासून ओढ्यापर्यंत मी बघत राहिले. मागचं सगळं स्वच्छ दिसत होतं.

माझे हात ग्रीसनं भरले होते. नळाशी गेले. मागून कुणीतरी टोमणा मारला, "जा, धू आता गरम पाण्यानं."

मी नळ सोडला. पाणी असं होतं की आधी ते थंड आहे की भाजतंय हेच कळेना. बोटं वाकायची बंद झाली. नाना सोडून उरलेले दहा जण बघत होते.

मी बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत धुतले. मग तोंडही धुतलं.